घरच्यांना पाकीट नसते

"पिरनवाडीच्या तानीबाईच्या घराला किती पाकिटं?" मारुतीरावांनी यादीवरचे बोट न उचलता विचारले.

"तीन," देवाप्पा म्हणाले.

"तीन? एका घराला?"

"घर एक हाय, नावं तीन हाईत. पयल्या नवऱ्याचा पोरगा सांबरेकर. त्यो नवरा गेल्यावर तिनं पाट लावला, त्यो बी गेला. त्याचा पोरगा मुतगेकर. आत्ताचा कारभारी कणबरकर. मग किती झाली?"

"आवं, एकावर 'सहकुटुंब' लिव्हा आनी मोकळं व्हा की."

"सहकुटुंब म्हंजे ज्याचं नाव पाकिटावर, त्याचं कुटुंब. सांबरेकराचं पोर कणबरकराच्या पाकिटात कसं बसवायचं?"

मारुतीराव चौगुल्यांनी सुस्कारा टाकला आणि तीन कोरी पाकिटे पुढे सरकवली. निपाणीहून ते आदल्या दिवशी आले होते, पिशवीत तीनशे पत्रिका घेऊन. एका दिवसात काम उरकून परतायचा त्यांचा बेत होता. पण देवाप्पा बोकमूरकरांचे अक्षर हवे असेल तर त्यांचे नियमही सोसावे लागतात, हे बेळगुंदीच्या आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होते. निपाणीला ते कळायला एक मुक्काम पडला.

देवाप्पा बेळगावच्या कचेरीबाहेर अर्ज लिहीत. खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाचा अर्ज. राज्य बदलले तसे तिशी उलटल्यावर कन्नड अक्षरे गिरवून त्यांनी तीही हस्तगत केली होती. दिवसभर ते कन्नडमध्ये अर्ज लिहीत आणि लग्नसराईत संध्याकाळी घरी बसून मराठीत पाकिटे. अक्षर असे, की रांगेत उभी केलेली शाळेतली पोरे वाटावीत. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षीही हात कापत नव्हता. पण इतकी वर्षे मयत, वारस, पालनकर्ता असले शब्द लिहून लिहून माणसे त्यांना कागदावर असतात तशीच दिसू लागली होती. एखाद्या घरात कोण कुणाच्या ताटात जेवतो, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचे नव्हते. कोण कुणाचा, हे महत्त्वाचे होते. म्हणून एका घरात दोन आडनावे असली की ते दोन पाकिटे करत. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवायची तसदी ते घेत नसत.

लग्न अक्काताईचे होते. अक्काताई मारुतीरावांच्या धाकट्या भावाची, कैलासवासी भावकूची मुलगी. आणि देवाप्पांची कोण, हे एका शब्दात सांगता येत नाही.

भावकू विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला तेव्हा अक्काताई दीड वर्षांची होती. पुढे वर्षभराने तिची आई गंगव्वा माहेरी बेळगुंदीला परत आली. देवाप्पा तेव्हा चाळिशीला टेकलेले, बिनलग्नाचे. गावातल्या चार जाणत्यांनी मध्ये पडून दोघांचा पाट लावला. पाटाला पत्रिका नसते, मांडव नसतो, वाजंत्री नसते. दिवस मावळताना चार माणसांत उरकायचे, आणि सकाळी बाई पाणी भरताना दिसली की गावाला कळते. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याची आवतणे लिहिली, त्याच्या स्वतःच्या लग्नाला कुणालाच आवतण गेले नव्हते. देवाप्पांना त्याचे काही वाटले नाही. त्यांच्या दाराशी बायको आली होती आणि तिचे बोट धरून एक अडीच वर्षांची पोर आली होती. पुढे त्या दोघांना मूल झाले नाही.

पोर शाळेत घालायच्या दिवशी हेडमास्तरांनी सहज विचारले होते, "नाव तुमचंच लावू नव्हं?"

"न्हाय," देवाप्पांनी सांगितले. "अक्काताई भावकू चौगुले. मेलेल्या माणसाचं नाव पुसायचा मला काय अधिकार?"

हेडमास्तरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले आणि तसे लिहिले. त्या दिवशी घरी येताना देवाप्पांचा ऊर भरून आला होता. चौगुल्यांच्या वडिलोपार्जित जमिनीत पोरीचा हक्क शाबूत राहिला, एका गेलेल्या माणसाची आठवण राहिली, आणि आपण माणसासारखे वागलो. खरेच ते माणसासारखे वागले होते. पुढे जे झाले त्याने ते खोटे ठरत नाही.

त्यांच्या नियमावर कुणी बोलले नव्हते असे नाही. आठ वर्षांपूर्वी सावत्र बापाच्या, आबाच्या घरी वाढलेला येळ्ळूरचा सत्याप्पा दोन पाकिटे हातात घेऊन कचेरीबाहेर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता.

"अण्णा, ह्ये अक्षर तुमचंच न्हवं?"

"माझंच."

"एक पाकीट आबाच्या नावचं, एक माझ्या. एकाच दारात. मी पाच वरसाचा असल्यापासनं आबाच्या मांडीवर वाढलोय. आता आबा दोन दिस झालं माझ्यासंगं बोलंना. त्याला वाटतंय, मीच सांगून वायलं लिवून घेतलं."

"आरं, ह्यो तुझ्या बापाचा मान हाय," देवाप्पांनी त्याला समजावले. "गेलेल्या माणसाचं दुसरं काय ऱ्हातंय? नाव तेवढंच."

"गेलेल्याचा मान झाला. असलेल्याचं काय?" सत्याप्पा म्हणाला आणि पाकिटे खिशात कोंबून निघून गेला.

देवाप्पांनी तो किस्सा घरी हसत हसत सांगितला. लोकांना समज कशी नसते त्याचा नमुना म्हणून. गंगव्वा भाकरी थापत होती. ती हसली नाही, आणि ती का हसली नाही हे विचारायचे देवाप्पांना सुचले नाही.

तर अक्काताईला स्थळ आणले मारुतीरावांनी. मुलगा सौंदलग्याचा, शाळामास्तर, घर चांगले. अठरा वर्षांत पुतणीची आठवण न झालेल्या माणसाला एकाएकी माया कशी फुटली, असे गावात कुणी कुणी बोलले. पण देवाप्पांना ते रीतीचेच वाटले. चौगुल्यांची पोर चौगुल्यांच्या मांडवातून जाणार. कन्यादान चुलत्याने करायचे, लग्न निपाणीत व्हायचे. पत्रिकेचा मजकूरही देवाप्पांनीच लिहून धाडला. 'कै. भावकू सिद्धाप्पा चौगुले यांची एकुलती कन्या चि. सौ. कां. अक्काताई.' खाली निमंत्रक म्हणून मारुतीराव आणि समस्त भाऊबंद. त्याखाली त्यांनी दोन ओळींची जागा मोकळी सोडली होती. आपले नाव आपणच कसे लिहायचे? मारुतीराव घालतील, 'आपले नम्र' नाहीतर 'स्नेहांकित', काहीतरी. छापून आली तेव्हा त्या जागेत छापखान्याने वेलबुट्टी टाकली होती. जागा मोकळी दिसली की छापखाना तेच करतो.

यादी दुपारी चारच्या सुमारास संपली. देवाप्पांनी पेनाला टोपण घातले, बोटे मोडली, आणि उरलेल्या पाकिटांकडे पाहत जरासे संकोचूनच विचारले, "आनी ह्या घरचं?"

मारुतीराव पत्रिका पिशवीत भरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "ह्या घराला पाकीट कशाला? तुमी घरचंच की."

देवाप्पांना हे फार गोड वाटले. घरचे. घरच्या माणसाला कोण पाकीट देते? बरोबरच होते. मारुतीरावांना फाट्यापर्यंत पोचवायला ते गेले, पिशवी त्यांनीच उचलली, आणि बस हलेपर्यंत उभे राहिले. वाया गेली तर असाव्यात म्हणून पाच-सहा पत्रिका आणि थोडी पाकिटे मारुतीराव मागे ठेवून गेले होते.

घरी आल्यावर त्यांनी गंगव्वाला पत्रिका वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नव्हती. सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले, "आनी?"

"आनी काय? संपली."

"तुमचं नाव?"

"माझं कशाला? पाकीट बी लिवलं न्हाय आपल्याला. मारुतीराव म्हनालं, तुमी घरचंच."

गंगव्वा परातीतले तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"घरच्या मानसाचं नाव पत्रिकेत असतंय," ती म्हणाली. "पावन्याचं पाकिटावर असतंय. तुमचं कुठं हाय?"

तीस वर्षे कुणाचे नाव कुठे यावे हे त्यांनी लोकांना शिकवले होते. आणि स्वतःच्या घराची गोष्ट निघाली तेव्हा एका गोड बोलण्याला ते भुलले होते, एखाद्या अडाण्याने कोऱ्या कागदावर अंगठा द्यावा तसे.

"तसं न्हाय गं," ते म्हणाले. "आवतनाला येतील की. लग्नाच्या आदी आठ दिस अक्षत घेऊन मानूस येतंय. रीत हाय ती."

"येऊं देत," गंगव्वा म्हणाली आणि परत तांदूळ निवडू लागली.

तीन दिवसांनी मारुतीरावांची बायको अक्काताईला न्यायला आली. हळद, देवकार्य सगळे निपाणीतच व्हायचे होते. अक्काताईने ट्रंक भरली. निघताना ती सोप्यात आली आणि देवाप्पांच्या टेबलाशी उभी राहिली. लहानपणी इथेच बसून तिने पाटीवर अक्षरे गिरवली होती. तिचे अक्षर हुबेहूब देवाप्पांसारखे होते. ते मात्र कुठल्याच दाखल्यावर लिहिलेले नव्हते.

"आप्पा, तुमी कवा येनार?"

"येतो की. आदल्या दिशी."

"आईला घेऊन या. काकू म्हंत्यात, आईनं मांडवात पुढं यायचं न्हाय, पाट लागलेल्या बाईचं चालत न्हाय. मी म्हनलं, माझी आई आहेराला बी पुढं न्हाय आली तर मी पाटावर बसनार न्हाय."

"असं बोलू नये," देवाप्पा म्हणाले. "त्यांच्या घरात त्यांची रीत."

"त्यांच्या घरात," अक्काताई म्हणाली. "व्हय." ती वाकली, त्यांच्या पायांवर डोके टेकले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तशीच राहिली. मग काकूच्या मागून चालू लागली.

पुढचे दिवस वाट पाहण्यात गेले. हे वाट पाहणे म्हणजे काय, ते ज्याने पाहिली त्यालाच कळते. देवाप्पा कचेरीतून लवकर परतू लागले. उगीच सोप्यात बसत. गावात चौगुल्यांचा माणूस येऊन गेल्याचे त्यांना तिसऱ्याकडूनच कळले. दहा घरांत आवतण झाले होते. देवाप्पांच्या अक्षरातली दहा पाकिटे, कोपऱ्याला हळदकुंकू लावून, आत अक्षत घालून, दहा दारांत पोचली होती. त्या माणसाजवळ यादी होती आणि यादीत जे दार नव्हते तिथे तो गेला नव्हता. त्याचा तरी काय दोष?

शेजारचा जोतिबा संध्याकाळी पाकीट नाचवतच आला. "देवाप्पाण्णा, कंची गाडी धरायची? तुमी तर आदीच जानार असशीला. पोरीचं बाप तुमी."

"बगू," देवाप्पा म्हणाले. "सकाळची बरी पडंल तुमाला."

आत भांडे जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. जोतिबा भला माणूस. त्याने देवाप्पांच्या तोंडाकडे पाहिले, पाकीट खिशात घातले आणि पावसापाण्याचे काहीतरी बोलून निघून गेला.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा देवाप्पांनी आयुष्यात कधी केले नव्हते ते केले. मागे राहिलेल्या पत्रिकांतली एक काढली, एक पाकीट घेतले आणि दार लोटून टेबलाशी बसले. गंगव्वा नदीवर धुणे घेऊन गेली होती. पाकिटावर त्यांनी लिहिले, 'श्री. देवाप्पा रामा बोकमूरकर, सहकुटुंब.' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हात तिरका धरला, वेलांट्या मोठ्या काढल्या. शेकडो लोकांच्या सह्यांना साक्ष राहिलेला हा माणूस खोटा कागद करायला बसला होता, आणि तोही आपल्याच पोरीच्या लग्नाला जाता यावे म्हणून. मग देव्हाऱ्यातले कुंकू घेऊन त्यांनी पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना लावले, आत तांदळाचे चार दाणे घातले.

गंगव्वा आली तशी त्यांनी पाकीट पुढे केले. "आलं बग. म्हनलं न्हवतं?"

"कुनी आनलं?"

"बसच्या कंडक्टरकडनं धाडलंय. मानसं कमी पडली असतील त्यास्नी."

गंगव्वाने ओले हात लुगड्याला पुसले, पाकीट घेतले आणि उजेडाला धरले. बराच वेळ ती पाहत होती.

"मला वाचाय येत न्हाय," ती म्हणाली. "पर अठरा वरसं तुमचं लिवनं बगतीया. ही उबी रेघ खाली आली की थांबती आनी मग जरा दाबून सुटती. अशी रेघ दुसरं कोन काडतंय?"

देवाप्पांची मान खाली गेली. ती ओरडली असती, नशिबाला बोल लावला असता, तर त्यांना सोपे गेले असते. ती उठून देव्हाऱ्यापाशी गेली आणि पाकीट देवापुढे ठेवले.

"पयली पत्रिका देवाला ठेवत्यात," ती म्हणाली. "आपल्या घरातनं कुनी ठेवलीच न्हवती. हीच ऱ्हाऊं दे."

"मग जायाचं नव्हं?"

"तुमी जावा. तिच्या डोस्क्यावर ह्या घरच्या कुनाची तरी अक्षत पडाय पायजे. मी न्हाय येत. मला कोपऱ्यात बसवतील, पोरगी ते बगंल आनी हट्ट धरंल. तिचं सासरचं लोक बघतील. पयल्याच दिशी तिच्या कपाळाला ते नगं."

"आनी तू?"

"अक्षता पडूस्तवर आईनं उपास धरायचा असतोय. त्यो हितं बसून बी धरता येतोय."

लग्नाच्या दिवशी देवाप्पा जोतिबाबरोबर पहाटेच्या गाडीने निघाले. मुलीच्या आईबापांनी कन्यादान होईपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नसते. त्यांनीही चूळ भरण्यापुरतेच पाणी तोंडात घेतले होते. बेळगावच्या स्टँडवर जोतिबाने चहाचा कप पुढे केला तेव्हा पोट बरे नसल्याचे सांगून त्यांनी तो परत केला.

निपाणीत मांडव मोठा होता. तंबाखूच्या वखारीच्या आवारात घातलेला. दारात मारुतीराव फेटा बांधून उभे होते. देवाप्पांना पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले, "या या, लई बरं केलंसा," म्हणाले आणि लगेच मागून येणाऱ्या पाहुण्यांकडे वळले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. देवाप्पांना वाटून गेले, वाईट असते तर निदान भांडता तरी आले असते.

बायकांची गर्दी, वाजंत्री, पोरांचा कालवा. देवाप्पा आणि जोतिबा मधल्या रांगेत बसले. शेजारी वरपक्षाकडचे एक म्हातारे होते, पांढरा शुभ्र फेटा, बोलायची हौस असलेले. त्यांनी पानाची चंची उघडली आणि विचारले, "पावनं कुनीकडचं? मुलीकडचं?"

"व्हय."

"मुलीचं कोन तुमी?"

प्रश्न साधा होता. अशा मांडवात माणूस माणसाला हेच विचारतो. देवाप्पांनी समोर पाहिले. त्या मांडवात शेकडो घरची माणसे होती आणि तीनशेच्या तीनशे पत्रिकांत मुलीचा बाप कैलासवासी होता. ते त्यांनीच लिहून धाडले होते, स्वच्छ अक्षरात, कुठेही खाडाखोड न करता. आता मी बाप म्हणावे तर मोठ्याने उठून सगळी गोष्ट सांगावी लागणार, पाट सांगावा लागणार, आई घरी का बसली ते सांगावे लागणार. मुहूर्ताला अर्धा तास होता.

जोतिबाला राहवले नाही. "आवं पावनं, ह्ये तर पोरीचं..."

देवाप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी पाकिटं लिवली," ते म्हणाले.

"आसं व्हय!" म्हाताऱ्यांचा चेहरा फुलला. "त्ये अक्षर तुमचं? लई देखनं वो. मुलीकडनं आलेलं पाकीट आमच्या घरात फाडूच दिलं न्हाय सुनेनं, कडंनं अलगद सोडवलं. असं अक्षर आता बगाय मिळत न्हाय." त्यांनी पानाचा विडा पुढे केला.

"मागनं घेतो," देवाप्पा म्हणाले.

म्हाताऱ्यांनी मनापासून कौतुक केले होते, आणि त्याच्याइतके जिव्हारी लागलेले दुसरे काही त्या दिवशी घडले नाही. जोतिबा तोंड फिरवून मांडवाच्या कापडाकडे बघत बसला.

मारुतीराव आणि त्यांची बायको पाटावर बसली आणि कन्यादान झाले. अक्काताईचा हात मारुतीरावांच्या ओंजळीत होता. त्या हाताला करंगळीपाशी भाजल्याचा डाग आहे, सहा वर्षांची असताना चुलीतले लाकूड धरले होते तिने, आणि रात्रभर तो हात थंड पाण्यात धरून कोण बसले होते, हे मारुतीरावांना ठाऊक असायचे कारण नव्हते. मग अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी अक्षता पडल्या. देवाप्पांनी सगळा जीव लावून मूठ फेकली. दाणे चार रांगा ओलांडून गेले नाहीत. पुढच्या माणसांच्या फेट्यांवर, खांद्यांवर पडले.

वाजंत्री थांबली तशी मारुतीरावांना कुणीतरी साखरपाणी आणून दिले. "घ्या, सकाळपासनं उपाशी हाईसा," बायका कौतुकाने म्हणत होत्या. मारुतीरावांनी डोळे पुसले आणि पेला तोंडाला लावला. ते डोळे खोटे नव्हते. भावाची पोर होती ती.

नवरानवरी मोठ्यांच्या पाया पडत मांडवातून फिरू लागली. चौगुल्यांचे भाऊबंद ओळीने उभे होते. अक्काताई वाकत होती, उठत होती आणि प्रत्येक वेळी उठताना मान वळवून माणसांत कुणाला तरी शोधत होती. ती मधल्या खांबाजवळ आली तेव्हा देवाप्पा त्याच खांबाच्या पलीकडे होते.

"काकू, आप्पा आलं न्हाईत?" तिने विचारलेले त्यांना स्पष्ट ऐकू आले. "आनी आई?"

"आलं असतील गं. गर्दीत हाईत कुठंतरी. हो म्होरं, पावनं खोळंबल्यात."

दोन पावले टाकायची होती. तिने पायांवर डोके ठेवले असते, आणि वर पाहून पहिला प्रश्न विचारला असता, आई कुठं हाय? देवाप्पांना खोटे बोलता आले नसते आणि खरे सांगितले असते तर त्या पोरीने भर मांडवात मुंडावळ्या काढून ठेवल्या असत्या. ते खांबाच्या पलीकडेच उभे राहिले. तिची पैंजणे पुढे गेली. त्यांनी खांबाला हात टेकला.

पंगती बसू लागल्या. जोतिबा पत्रावळी धरून जागा राखत होता. देवाप्पा त्याच्याजवळ गेले.

"तू जेव. मी निघतो."

"अण्णा, तुमीबी सकाळपासनं..." जोतिबा थांबला. त्याला आता कळले. "आवं, झालं की कन्यादान. आता घ्या दोन घास."

"तिनं बी धरलाय घरात," देवाप्पा म्हणाले. "तिला कळाय नको, अक्षता पडल्या म्हनून?"

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची गाडी अडीच वाजता लागली. खिडकीतून ऊन थेट अंगावर येत होते. देवाप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली तेव्हा टोपीच्या घडीतून दोन-तीन अक्षता सांडल्या, मागच्या रांगेतल्या कुणीतरी फेकलेल्या. त्यांनी त्या झटकल्या. बेळगावला पोचायला पाच वाजणार, तिथून बेळगुंदीची गाडी सहाला. अक्षता बारा वाजून पस्तीस मिनिटांनी पडल्या होत्या, आणि घरी ते सांगायला सात वाजणार होते. तोवर गंगव्वा पाणीसुद्धा घेणार नव्हती.

कंडक्टरने तिकीट मागितले. "कुठं?" त्याने कन्नडमध्ये विचारले. देवाप्पांनी कोरड्या पडलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि बेळगावचे नाव सांगितले.